तीन घरांची परवानगी, एका घराची जागा

उंबरठा

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. छोट्या इमारतींचे नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गेल्या काही वर्षांत जगभर एक लाट आली आहे: उपनगरातल्या ज्या प्लॉटवर आजवर एकच बंगला बांधता यायचा, तिथे आता दोन, तीन, चार घरं बांधायला कायदा हो म्हणतो. बातमी वाचून प्लॉटमालक खुशीत येतो, मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि तासाभरात दोघांचेही चेहरे पडतात.

हिशेब साधा आहे, तुम्हीही करून बघा. प्लॉट १५ मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ४५० चौरस मीटर. समोर आणि मागे सहा-सहा मीटर, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर मोकळं सोडायचं. उरले ९ बाय १८, म्हणजे १६२. आता घरटी दोन गाड्यांची जागा दाखवा, तीन घरांच्या सहा गाड्या. गाडी आत घ्यायची, वळवायची, बाहेर काढायची जागा धरली तर एकीला २५ चौरस मीटर कमी पडतात, पण तेवढेच धरू. १५० गेले. उरलेल्या १२ चौरस मीटरमध्ये तीन कुटुंबं राहणार. समोरच्या मोकळ्या जागेत गाड्या लावू का? चालत नाही. तळमजला खांबांवर उचलून खाली गाड्या घेऊ का? उंचीची मर्यादा दोन मजल्यांची, म्हणजे राहायला एकच मजला उरला आणि त्यातूनच जिना काढायचा.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो हा. मथळ्यातला नियम बदलला, बाकीची बाडं जागच्या जागी.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या नगर परिषदेने 'मिनियापोलिस २०४०' हा आराखडा मंजूर केला. फक्त एकाच कुटुंबाच्या घरासाठी राखलेले विभाग काढून टाकणारं पहिलं मोठं अमेरिकी शहर म्हणून केवढा गाजावाजा! प्रत्यक्षात तीन घरांच्या इमारती मोजक्याच उठल्या, कारण ती तीन घरं साधारण एका बंगल्याच्याच आकारमानात कोंबायची होती. तिथे घरं वाढली ती मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या इमारतींमुळे आणि २०२१ मध्ये पार्किंगची सक्ती काढल्यामुळे. पोर्टलंडने त्याच सुमारास जास्त डोकं चालवलं. नेहमीच्या निवासी विभागात एका घराला ०.५ एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या निम्मं बांधकाम), दोनांना ०.६, तीन किंवा जास्त असतील तर ०.७. घरं वाढवा, चटईक्षेत्र वाढवून देतो. असा नियम असला की माझ्या पेन्सिलीला काम मिळतं.

म्हणून मला एवढंच म्हणायचं आहे: किती घरं चालतील हा आकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा. खरी अडवणूक खालच्या बारीक कलमांत असते, आणि ती कलमं कुणी वाचत नाही. तुमचे अनुभव लिहा, मतं लिहा. भांडायचं असेल तर तेही चालेल.

अर्धविराम

१२ चौरस मीटर, तीन कुटुंबं, सहा गाड्या. गाडीतच राहावं, परवडेल.

गल्लीतला_शहाणा

लेख चांगला आहे. पण उंबरठा, नकाशा काढणाऱ्याला नियम ही अडचणच वाटणार. मी पलीकडच्या बाजूने बोलतो.

मी घर घेतलं तेव्हा नुसत्या चार भिंती घेतल्या नव्हत्या. शेजारी किती उंच बांधेल, माझ्या अंगणात ऊन किती येईल, रस्त्यावर किती गाड्या उभ्या राहतील, हे सगळं नियमात लिहिलं होतं. आयुष्यभराची कमाई त्या लिखापढीवर विश्वास ठेवून टाकली. आता तुम्ही म्हणणार, नियम बदलला. मग मला दिलेल्या शब्दाचं काय? आणि आम्ही विरोध केला की लगेच 'निंबी' म्हणून शिक्का. माझ्या परसात नको म्हणणारा माणूस म्हणे! परस माझंच आहे हो, मग कुणाच्या परसाबद्दल बोलू?

भाडेकरू_सात

काका, परस तुमचं, कबूल. पण शेजारचा प्लॉट तुमचा नाही ना? तिथे काय व्हावं हे तुम्ही ठरवता आहात, आणि त्यापायी ज्याला घर मिळालं नाही तो परवानगीच्या सुनावणीला नसतो. नसणारच, कारण तो अजून तिथे राहायलाच आलेला नाही!

मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अशा बांधकाम-सुनावण्यांची इतिवृत्तं तपासली. कोण बोलतं? वयाने मोठे, बहुतकरून पुरुष, स्वतःच्या घरात राहणारे आणि तिथे जुने असलेले. बोलणाऱ्यांत विरोध करणारे भरपूर, बाजूने बोलणारे थोडे. मी स्वतः एकदा अशा सुनावणीला गेले होते. कामाच्या दिवशी, भर दुपारी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन मिनिटं बोलायला मिळाली.

पायवाट

शहाणेकाकांनी 'शब्द' म्हटलं म्हणून जरा इतिहास. तो शब्द कुणी कुणाला दिला होता?

एकाच कुटुंबाच्या घरासाठी राखीव विभाग ही कल्पना अमेरिकेत बर्कलीने १९१६ मध्ये आणली. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्युकॅनन विरुद्ध वॉर्ली' खटल्यात वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारे नगरनियम रद्द केले. उघड भिंत बांधता येईना, तेव्हा प्लॉटचा किमान आकार आणि घरांची संख्या यांची भिंत फार सोयीची पडली. गरीब माणसाला बंदी नाही, फक्त त्याला परवडेल असं घर बांधायला बंदी. १९२६ मध्ये क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या उपनगराचा खटला आला. न्यायालयाने विभागवार नियम उचलून धरले आणि निकालपत्रात बंगल्यांच्या वस्तीतल्या फ्लॅटच्या इमारतीला चक्क परोपजीवी म्हटलं. हे कुठल्या पुढाऱ्याचं भाषण नाही, निकालपत्र आहे!

काका, तुम्ही तसे आहात असं मी मुळीच म्हणत नाही. पण तुम्हाला मिळालेला शब्द दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ठेवून दिला गेला होता.

गल्लीतला_शहाणा

पायवाटताई, हे मला माहीत नव्हतं. तरी १९२६ चं ओझं माझ्या डोक्यावर नको. माझी अडचण आजची आहे. नळाला पाणी, रस्त्याला रुंदी, शाळेत जागा. घरं तिप्पट करा आणि बाकीचं वरातीमागून घोडं, हे चालणार नाही.

जलवाहिनी

माझा विषय निघाला, आता राहवत नाही. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणात हाडं झिजवली आहेत.

काकांची भीती निम्मी खरी आहे. निम्मीच का? जुन्या उपनगरातल्या वाहिन्या ज्या काळात टाकल्या, तेव्हा एका घरात जास्त माणसं राहायची. आता पुष्कळ ठिकाणी त्याच घरात दोनच म्हातारी माणसं उरली आहेत. घरं तेवढीच, माणसं कमी. तिथे वाहिनीत बऱ्याचदा जागा असते. शाळेचंही तेच, जुन्या वस्तीतल्या शाळा पोरांअभावी रिकाम्या पडतात. तेव्हा 'क्षमता नाही' हे वाक्य कुणी फेकलं की मी पहिला प्रश्न विचारतो, मोजली कधी होती?

खरा त्रास पावसाच्या पाण्याचा. त्याला घरं किती याच्याशी देणंघेणं नाही, प्लॉटचा किती भाग फरसबंद झाला याच्याशी आहे. उंबरठा यांच्या हिशेबातले गाड्यांचे ते १५० चौरस मीटर बघा. तेवढी माती झाकली की पाणी थेट रस्त्यावर. तीन मजली, बांधणी आटोपशीर आणि मागे खरी माती, ही इमारत मला एका ऐसपैस बंगल्यापेक्षा आणि त्याच्या गाड्यांच्या फरशीपेक्षा कधीही परवडते.

आणि पैसा. वाहिनी ५० वर्षं टिकते, पण तिचा खर्च बऱ्याच ठिकाणी नव्या घरावर विकास शुल्क म्हणून एका दमात लावतात. तोही घरटी सारखाच! छोट्या घराने मोठ्या बंगल्याएवढं शुल्क का भरायचं, याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही. टेक्सासमध्ये वेगळी रीत आहे. नव्या वसाहतीसाठी स्वतंत्र उपयोगिता जिल्हा काढतात, तो रोखे विकून वाहिन्या टाकतो आणि तिथले घरमालक कररूपाने वर्षानुवर्षं फेडतात. न्यूझीलंडने २०२० मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला. दोष त्यातही आहेत. पण पाणी आधी येतं आणि बिल हप्त्याने.

आकडेमोड

न्यूझीलंड निघालंच आहे तर ऑकलंड. तिथे नोव्हेंबर २०१६ मध्ये नवा आराखडा लागू झाला. निवासी जमिनीच्या साधारण तीन चतुर्थांश भागावर जास्त घनतेला मुभा मिळाली. २०१६ मध्ये शहरात सुमारे १० हजार घरांना बांधकाम परवानगी मिळाली होती, २०२२ मध्ये २१ हजारांच्या वर. वाढ मुख्यतः कशात, तर ओळीने जोडलेल्या दोन-तीन मजली घरांत, आणि तीही जुन्या उपनगरांत.

उंबरठा यांच्या मुद्द्याला ऑकलंड पुष्टी देतं, कारण तिथे नुसता घरांचा आकडा बदलला नव्हता. उंची, प्लॉटचा किती भाग व्यापता येईल ते, पार्किंग, सगळं एकत्र हललं.

गल्लीतला_शहाणा

परवानगी म्हणजे घर नव्हे. आणि त्याच वर्षांत व्याजदर तळाला गेले होते. सगळीकडेच बांधकामं वाढली असतील. श्रेय मात्र आराखड्याला!

आकडेमोड

रास्त शंका. हा वाद तिथल्या अर्थतज्ज्ञांतही झाला. ग्रीनअवे-मॅकग्रेव्ही आणि फिलिप्स यांनी मुभा मिळालेले विभाग आणि न मिळालेले विभाग यांची तुलना करून मोठा परिणाम दाखवला. मरी आणि हेल्म यांनी त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवलं: आराखडा नसता तर किती घरं झाली असती, हा अंदाज तुम्ही फार खाली धरलात. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. माझा कौल पहिल्यांकडे झुकतो. व्याजदर सगळ्या विभागांना सारखेच होते, तरी बांधकाम मुभा मिळालेल्या विभागांतच का उसळलं? पण किती टक्के श्रेय आराखड्याचं, असं कुणी छातीठोक सांगू लागलं तर मी उठून जाईन.

आणि तुम्ही विचारायच्या आत आणखी एक तुमच्या बाजूचं देतो. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये ऑलिव्हर लेटविन यांनी सरकारसाठी चौकशी केली होती की परवानग्या मिळूनही मोठ्या जागांवर घरं इतकी सावकाश का उठतात. उत्तर निघालं की बाजार किती पचवेल त्या वेगाने बिल्डर बांधतो. सगळी घरं एकदम काढली तर भाव पडेल, मग कोण काढेल? म्हणजे नियम सैल करणं पुरेसं नाही.

उंबरठा

आकडेमोड, लेटविन यांचा मुद्दा मोठ्या जागांचा आहे. हजारो घरांची जमीन एकाच्या हातात असली की तो नळ हळूहळूच सोडणार. म्हणूनच मला उपनगरातले छोटे प्लॉट महत्त्वाचे वाटतात. ५०० मालकांपैकी प्रत्येक जण तीन घरं बांधतो तेव्हा भाव सांभाळायला कुणी थांबत नाही. ज्याचं त्याचं कर्ज डोक्यावर असतं.

आणि बारीक कलमांची गंमत कॅलिफोर्नियात सगळ्यात स्पष्ट दिसते. मागच्या अंगणात जोडघर बांधायला तिथे कायद्याने १९८० च्या दशकापासून मुभा होती. पण प्रत्येक गाव आपापल्या अटी घालायचं. मोठा प्लॉट हवा, गाडीची जागा हवी, सुनावणी हवी. वर्षानुवर्षं काही घडलं नाही. २०१६ मध्ये राज्याने त्या अटीच छाटल्या, नंतरच्या वर्षांत आणखी छाटल्या, आणि नियमात बसणारा अर्ज ठरलेल्या मुदतीत, सुनावणीशिवाय मंजूर करायचा असं बांधून दिलं. वर्षाला हजार-दीड हजार परवानग्या मिळायच्या, त्या काही वर्षांत २० हजारांवर गेल्या. मग २०२१ मध्ये त्याच राज्याने एक प्लॉट तोडून दोन करायला आणि प्रत्येकावर दोन घरं बांधायला मुभा दिली. तिची भाषणं खूप झाली, अर्ज मात्र तुरळक. का? त्यात मालकाने पुढची तीन वर्षं तिथेच राहण्याचा इरादा लिहून द्यायचा होता, आणि स्थानिक अटींना भरपूर फटी ठेवल्या होत्या.

कायदा करणारी विधिमंडळं तीच, राज्य तेच, फरक शेपटातल्या कलमांचा.

भाडेकरू_सात

पार्किंगचं मला कधीच समजलं नाही. माझ्याकडे गाडी नाही. तरी मी ज्या घरात राहते त्यात एका गाडीची जागा आहे आणि तिचं भाडं मी भरते.

अर्धविराम

जपानात उलटं आहे. १९६२ पासून तिथे गाडी नोंदवायची तर ती कुठे ठेवणार ते आधी दाखवावं लागतं. जागा नाही तर गाडी नाही. घराच्या गळ्यात पार्किंग मारत नाहीत, गाडीवाल्याच्या गळ्यात मारतात.

(आज एवढंच गंभीर.)

पायवाट

जपानचं आणखी एक. तिथे विभागांचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरतात, सगळे मिळून १३. गावाने त्यातून निवडायचे, आपल्या मनाने १४वा काढायचा नाही. आणि सगळ्यात कडक निवासी विभागातही लहान इमारत चालते, घराला जोडून छोटं दुकान चालतं. फक्त बंगलेच हवेत असा विभागच त्या यादीत नाही. मागायचा कुणाकडे?

पण उंबरठा, माझी एक तक्रार आहेच. 'सुनावणीशिवाय मंजूर' ऐकलं की पोटात गोळा येतो. एकेक झाड याच वाटेने जातं.

उंबरठा

पायवाटताई, झाड वाचवायचं तर नियम करा की या घेराचं झाड तोडायचं नाही. आधी लिहा, सगळ्यांना सारखं लिहा. मी नकाशा झाडाभोवती वळवून देईन, हे काम मला आवडतं. पण 'अर्ज टाका, मग बघू' ही पद्धत झाडही वाचवत नाही आणि घरही उठू देत नाही.

आणि पर्यावरणाच्या नावाने काय होतं तेही बघा. मिनियापोलिसच्या त्या आराखड्यावर पर्यावरण हक्कांच्या कायद्याखाली दावा लागला आणि न्यायालयाच्या आदेशाने अंमलबजावणी थांबली. शेवटी २०२४ मध्ये विधिमंडळाने आराखड्यांना त्या कायद्यातून सूट दिली तेव्हा गाडं सुटलं. शहराच्या आत घर न बांधल्याने पर्यावरण वाचलं असेल असं वाटतं? ते घर बाहेर शेतात गेलं आणि त्याच्यासोबत दोन गाड्याही गेल्या.

'मग बघू' पद्धतीचं माहेर इंग्लंड. १९४७ च्या कायद्याने जमिनीवर बांधण्याचा हक्कच सरकारकडे गेला, तेव्हापासून नियमात बसलं तरी परवानगी मिळेलच याची खात्री नाही. लंडनमधल्या क्रॉयडनने २०१९ मध्ये उपनगरी प्लॉटसाठी सचित्र मार्गदर्शिका काढली होती. बंगल्याच्या जागी आठ-नऊ फ्लॅट कसे शोभतील, खिडक्या कुठे, छप्पर कसं, सगळं काढून दाखवलं होतं. घरं उठायला लागली, लोक चिडले. मे २०२२ मध्ये नवे महापौर निवडून आले आणि जुलैत मार्गदर्शिका रद्द. इतकं चांगलं काम असं गेलं, अजून हळहळतो.

गल्लीतला_शहाणा

म्हणजे लोकांनी मतदान करून नको म्हटलं. ही लोकशाही झाली ना? तुम्हाला हळहळ वाटते, मला वाटतं यंत्रणा नीट चालली.

आकडेमोड

काका, ह्यूस्टन ऐका. तुम्हाला आवडेल. १९९८ मध्ये त्यांनी सगळ्यात आतल्या वर्तुळमार्गाच्या आत प्लॉटचा किमान आकार ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणला. २०१३ मध्ये तो नियम शहरभर लावला. एका बंगल्याच्या जागी तीन-तीन अरुंद घरं, हजारोंनी झाली. विरोध का पेटला नाही? कारण ज्या गल्लीला नको होतं तिला बाहेर पडायची सोय ठेवली होती. गल्लीतल्या मालकांनी सह्या गोळा करायच्या, तुमच्या गल्लीपुरता जुना आकार कायम. तुमचा 'शब्द' तिथे शाबूत राहिला.

गल्लीतला_शहाणा

हे मला पटण्यासारखं आहे. माझी गल्ली ठरवेल, अख्ख्या उपनगराचं मी ठरवणार नाही. याच्या कागदावर मी सही करेन.

भाडेकरू_सात

पण मग सगळ्या सुखवस्तू गल्ल्या सह्या करून सुटतील आणि घरं फक्त गरीब गल्ल्यांत उठतील. न्यूझीलंडमध्ये २०२१ ला दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून मोठ्या शहरांत तीन घरं, तीन मजले सरसकट केले होते, ते मला जास्त रास्त वाटतं. एक गल्ली, एक नियम.

जलवाहिनी

त्यातल्या एका पक्षाने २०२३ मध्ये अंग काढून घेतलं ना. सरसकट नियम सरसकटच उलटतो.

भाडेकरू_सात

बरं, ते राहू दे. इथे एक तातडीचं विचारायचं आहे. आमच्या भागात नियम बदलायचा मसुदा आला आहे, हरकतींची मुदत उद्या संपते. मी बाजूने लिहायला बसले. अर्जात नाव, पत्ता, मालमत्ता क्रमांक (माझ्याकडे कुठून येणार?) आणि खाली मोठा रकाना, 'हरकतीचे स्वरूप'. पाठिंब्याला रकानाच नाही! काय करू?

उंबरठा

मालमत्ता क्रमांकापुढे 'भाडेकरू' लिहा, रिकामं सोडू नका. रिकामं दिसलं की अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला ठेवतात.

गल्लीतला_शहाणा

अशा अर्जांवर मी उभा जन्म घालवला आहे, माझं ऐक पोरी. पाठिंबा लिहिलास तर कुठल्याच गठ्ठ्यात मोजणार नाहीत. हरकतच घे. लिही: 'घरटी दोन गाड्यांच्या अटीस माझी हरकत आहे. समोरच्या सहा मीटरला माझी हरकत आहे.' उंबरठ्यांचा तो १२ चौरस मीटरचा हिशेब सोबत जोड. आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

अर्धविराम

काका??

गल्लीतला_शहाणा

काय काका? अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. माझी हरकत मी परवाच देऊन आलोय, तीन मजल्यांना.